काकापो म्हणजे ‘दुसरा डोडो’ नव्हे

‘डोडो जाडा आणि मठ्ठ, म्हणून खलाशांनी खाऊन संपवला. न्यूझीलंडचा काकापो त्याचाच भाऊ. निसर्गानेच बाद केलेल्या पक्ष्यावर खर्च कशाला?’ हा मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही.

‘भाऊ’ तर नाहीच. डोडो कबुतराच्या कुळातला, काकापो पोपट.

‘मठ्ठ’? 2016 साली डोडोच्या कवटीचं सीटी स्कॅन झालं. शरीराच्या मानाने मेंदू कबुतरांएवढाच निघाला.

‘खाऊन संपवला’ हे अर्धसत्य आहे. डच 1598 मध्ये मॉरिशसला उतरले, वस्ती 1638 ची, तीही मूठभर माणसांची. खलाशांनी डोडो मारले, पण खरा घात केला जहाजांतून आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी. घरटं जमिनीवर, आणि त्या काळच्या वर्णनानुसार अंडं एकच. ते गेलं की वीण गेली. सर्वमान्य शेवटची नोंद 1662 ची.

धोका दिसला की काकापो जागीच थिजतो, यालाही मूर्खपणा म्हणतात. त्याचे मूळ शत्रू होते नजरेने सावज हेरणारे शिकारी पक्षी. शेवाळी रंगाचा काकापो हलला नाही तर त्यांना दिसत नसे. सशांच्या बंदोबस्तासाठी 1880 च्या दशकात आणलेले स्टोट (मुंगसासारखे छोटे शिकारी प्राणी) मात्र वासाने माग काढतात. मादी एकटीच पिल्लं वाढवते; रात्री ती चाऱ्याला गेली की घरटं उघडं पडतं. यात निसर्गाने बाद केलं कुठे? स्टोट माणसाने आणले.

‘खर्च वाया’ म्हणणाऱ्यांनी आकडे पाहावेत: 1995 मध्ये 51 पक्षी, 2022 मध्ये 252. त्यासाठी 1998 मध्ये काकापोंचं ठिकाण असलेल्या न्यूझीलंडमधल्या कॉडफिश बेटावरचे उंदीर संपवले. प्रत्येक पक्ष्याच्या पाठीवर ट्रान्समीटर असतो, तो दरवर्षी बदलतात. वीण होते ती रिमूच्या झाडांना भरघोस फळ धरतं तेव्हाच, दर दोन ते चार वर्षांनी. पक्ष्यांना वरून दिल्या जाणाऱ्या पूरक खाद्यातही एक खोच निघाली: माद्या वजनदार झाल्या की नर पिल्लं जास्त निपजतात. म्हणून आता प्रत्येक मादीचं वजन पाहून खाद्य मोजून देतात.

खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत. पुष्कळ अंडी उबतच नाहीत. 2019 च्या हंगामात फुप्फुसातल्या बुरशीने काही पक्षी मेले. शिवाय स्टोट-उंदरांसारखे शिकारी प्राणी नसलेल्या बेटांवर जागा अपुरी पडू लागली आहे. 2023 मध्ये काही नर मुख्य भूमीवरच्या माउंगाटाउटारीच्या कुंपणबंद जंगलात सोडले, तर त्यातले काही कुंपण ओलांडून बाहेर पडले. काकापो उडत नसला तरी झाडावर सरसर चढतो, त्यामुळे कुंपणावर झुकलेली प्रत्येक फांदी त्याला वाट ठरते.