देवांच्या खोक्यावर ‘शोपीस’

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. जिन्यात एक खोकं पडलं होतं, वर मार्करने लिहिलेलं: ‘शोपीस, ९ नग’. आत काय? तळमजल्यावरच्या काकूंचे देव! बाळकृष्ण, अन्नपूर्णा, चांदीचे दोन टाक, शाळिग्राम, शंकराचा बाण, शंख, घंटा आणि समई. काकू नाशिक सोडून मुलाकडे बंगळूरला चालल्यात. सामान नेणाऱ्यांच्या यादीत फ्रिजला रकाना, काचेला रकाना, देवांना नाही. मग शोपीस.

अरे, देव ट्रकमध्ये द्यायचेच नसतात! घरातून सगळ्यात शेवटी निघतात, नव्या घरात सगळ्यात आधी पोचतात, आणि जातात आपल्या मांडीवर. सकाळची पूजा आणि दूधसाखरेचा नैवेद्य झाला की अक्षता वाहून ‘आता तिकडे चला’ म्हणायचं. विसर्जन करायचं नसतं, गणपतीसारखे ते परत जात नाहीत, आपल्याबरोबर येतात. पितळी मूर्ती आदल्या दिवशी चिंचेने घासा, पुसा आणि तासभर उन्हात उपड्या ठेवा. तळाच्या पोकळीत पाणी राहतं. तशीच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली तर पोचेपर्यंत हिरवे डाग. टाकांना रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. जुन्या धोतराचे तुकडे सगळ्यात उत्तम. शाळिग्राम आणि बाण डब्यात तांदळात रुतवा, म्हणजे एकमेकांवर आपटत नाहीत. त्याच तांदळाचा तिकडे पहिला भात. तुळस न्यायची तर पाणी आदल्या दिवशी घाला, निघताना नको, ओल्या मातीचा गोळा गचक्यांनी फुटून मुळं उघडी पडतात. मंजिऱ्या खुडा आणि तिकडे चार दिवस सावलीत ठेवा.

यातलं एक तरी त्या खोक्यात झालं होतं का? वर्तमानपत्र आणि चिकटपट्टी. संपलं.

शहर सोडतानाही लोक हेच करतात. शेवटच्या रविवारी अख्खं नाशिक उरकायचं: मिसळ, वाइन, पांडवलेणी, पायरीवर सेल्फी. गर्दीत कसलं नाशिक दिसतं? साध्या मंगळवारी जा. सहाच्या आत गंगेवर पोचा (‘गोदावरी’ पाहुण्यांसाठी, आपल्याला गंगाच). दुतोंड्या मारुतीसमोर दोन मिनिटं उभे राहा. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पूर मोजायचं आपलं माप तेच ना? गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं! नव्या शहरात पूर आला तर तो आकड्यात कळेल, मारुतीच्या अंगावर नाही. मग पायऱ्या चढून कपालेश्वराला जा. समोर नंदी नाही, हे लहानपणापासून ऐकलंय, पण ती रिकामी जागा शेवटची कधी नीट पाहिली? बुधवार असेल तर खाली बाजार भरलेला असतो, परतताना भाजी घ्या.

काळारामालाही जाल. पण कुठल्याही दारातून आत शिरताना २ मार्च १९३० आठवा. त्या दिवशी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, कारण हीच दारं अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना बंद होती. श्रद्धेच्या गप्पा मारताना हे गाळायचं नाही.

निघायची तारीख हातात असेल तर रंगपंचमी किंवा कामदा एकादशीनंतरची घ्या. एकादशीला रामाचा आणि गरुडाचा रथ निघतो. रंगपंचमीला रहाडी. वर्षभर ज्या चौकातून गाडी हाकता त्याच्या खाली पेशवेकालीन हौद आहे, लाकडं आणि माती टाकून बुजवलेला. तो उकरतात, रंग उकळून ओततात आणि वरून धप्पा. अंगावरचा रंग चार दिवस जात नाही. न जाऊ दे!

आणि मिसळ. रस्सा ओतायच्या आधी चमचाभर नुसता चाखा. फरसाण थोडं थोडं घाला, एकदम घातलं की लगदा होतो.

ठीक आहे, नोकऱ्या इथे पुरेशा नाहीत, कबूल. रामकुंडाचं पाणी प्यायच्या लायकीचं नाही, हेही कबूल. म्हणून सोडून जाणाऱ्याने ‘नाशकात आहेच काय’ म्हणत जायचं?

दुपारी पुन्हा खाली गेलो तर कळलं, यादी सामान नेणाऱ्या पोरांनी केलेलीच नव्हती. मुलानेच बंगळूरहून फोनवर भरली होती. त्याला तरी काय बोलणार, रकानाच नव्हता. आणि खोकं उचलणाऱ्या पोराने, आत काय आहे ते काकूंनी सांगितल्यावर, आधी चपला काढल्या. मग त्यानेच चिकटपट्टी सोडवून एकेक नग काकूंच्या पदरात दिला. सकाळचा अर्धा राग तिथेच गेला.

उरलेला समईचा. तेल न काढता तशीच कोंबली होती, आणि आट्यात जुनं तेल चिकटून घट्ट बसलेलं असताना कोणीतरी जोर लावून पिळली. आधी कढत पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायची, मग फडक्याने धरून फिरवायची. पक्कड लावायची नाही. आता दांडा वाकलाय, वरचा मोर निघत नाही. काकूंची गाडी परवा सकाळची आहे. भांडी बाजारात असा दांडा उद्याच्या उद्या सरळ करून देणारं कोणी माहीत असेल तर खाली लिहा. नवी घ्या असं सांगू नका.