‘रिकामटेकड्यांचा उद्योग’ म्हणणाऱ्या वाचकास

एन्झाइमांच्या (पेशीतल्या रासायनिक अभिक्रिया घडवणाऱ्या प्रथिनांच्या) अभिक्रियांचे वेगवेगळे डेटाबेस जुळवायला ऑन्टॉलॉजी, म्हणजे संज्ञा आणि त्यांची आपसातली नाती नेमकी ठरवणारी नोंद, का लागते, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचून राग आला, दुसऱ्यांदा वाचली ती राग गेला का ते बघायला. गेला नाही.

आधी चूक कबूल करतो. एन्झाइमांचे मुख्य वर्ग सहा नाहीत, सात आहेत. ट्रान्सलोकेझचा (आयन किंवा रेणू पेशीच्या पटलापार नेणाऱ्या एन्झाइमांचा) सातवा वर्ग 2018 मध्ये आला आणि माझ्या डोक्यात जुनीच यादी बसली होती. दुरुस्ती केली आहे, आभार. पण त्यासाठी ‘ज्याला वर्ग मोजता येत नाहीत तो आम्हाला वर्गीकरण शिकवतोय’ हे लिहायलाच हवं होतं का? ‘सातवा राहिला’ एवढ्यानंही मला कळलं असतं.

आता तुमचं ते वाक्य: ‘दोन्ही डेटाबेस डाउनलोड करा, नावं जुळवा, दुपारभरात काम होतं, ऑन्टॉलॉजी हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे.’

दुपारभरात! अहो, मी हे केलंय. एका प्रयोगशाळेत नवा होतो तेव्हा, एक्सेलमध्ये, तुमच्याच थाटात. एका यादीत एल-लॅक्टेट, दुसरीत डी-लॅक्टेट (एकाच रेणूची ही दोन रूपं, एकमेकांची आरशातली प्रतिमा), कुठे नुसतंच लॅक्टेट. मी सुरुवातीची एल, डी ही अक्षरं छाटली आणि तिन्ही एक करून टाकली. लॅक्टेट रेसिमेझ हे एन्झाइम एलचं डी करतं, म्हणजे त्याची अभिक्रिया माझ्या शीटमध्ये ‘लॅक्टेटपासून लॅक्टेट’ अशी उतरली. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून माझ्याच स्क्रिप्टनं ती पुसली. एन्झाइम यादीत राहिलं, त्याचं काम गेलं. हे लक्षात यायला मला तीन आठवडे लागले. चेबी या रेणूंच्या डेटाबेसमध्ये या दोघांना वेगळे क्रमांक आहेत. कोण कोणाचा प्रकार, कोण कोणाचं प्रोटॉन गमावलेलं रूप, हेही नोंदलेलं आहे. ऑन्टॉलॉजी म्हणतात ती हीच.

दुसरं उदाहरण देतो, कारण पहिल्यानं तुमचं समाधान होईल असं वाटत नाही. ग्लुकोज आणि एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) यांपासून ग्लुकोज-6-फॉस्फेट आणि एडीपी, ही हेक्सोकायनेझची अभिक्रिया शाळकरी पोरालाही माहीत असते. केग या अभिक्रियांच्या डेटाबेसमध्ये ती एवढीच आहे. ऱ्हीआ या दुसऱ्या डेटाबेसमध्ये उजवीकडे एक प्रोटॉन जास्त आहे. चूक कोणाचीच नाही: ऱ्हीआ पीएच 7.3 ला रेणूंची जी विद्युतभारित रूपं असतात ती घेतं, एटीपीवर चार ऋणभार धरून. केग भार नसलेली रूपं लिहितं. समीकरणं ओळीला ओळ लावून जुळवाल तर एकीच्या दोन अभिक्रिया होतील. आणि दोन पद्धती पेशीच्या चयापचयाच्या एका संगणकी मॉडेलमध्ये मिसळल्यात तर प्रोटॉनचा हिशेब गळायला लागतो. माझ्या मॉडेलनं काहीही न खाता एटीपी बनवून दाखवलं होतं. (दोन दिवस मी खूश होतो, हेही सांगून टाकतो.)

2018 च्या अखेरीस युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसनं एन्झाइमांच्या अभिक्रिया नोंदवायला ऱ्हीआ स्वीकारलं. तेही रिकामटेकडेच असणार.

‘ऑन्टॉलॉजींचंच आपापसात पटत नाही, मग त्या कोण जुळवणार?’ हा तुमचा प्रश्न काही नवा नाही. मेटानेटएक्ससारखे प्रकल्प त्यासाठीच चालतात. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. ‘आता हे सगळं एआय करेल’ यावर लिहिण्यासारखं काही नाही.

अठरा वर्षं मी हेच काम करतोय. त्यातली बरीच वर्षं जुने शोधनिबंध उघडून ‘या माणसानं वापरलेलं लॅक्टेट नेमकं कोणतं’ एवढंच शोधण्यात गेली. तुम्ही स्वतः किती अभिक्रिया जुळवल्यात, हे प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही. दुपारभरात जुळवलेली यादी खरंच असेल तर पाठवा. मी आधी लॅक्टेट बघणार.