‘ताई, मी तर लिहिलं होतं गं’

२०२४ च्या पावसाळ्यात एका रात्री माझ्या मावसबहिणीचा फोन आला. रडत होती. नाशिकमधल्या अंबडला तिच्या कंपनीतल्या एकाने तिला स्क्रीनशॉट पाठवला होता. फोटो तिचेच, पण नाव भलतंच, डेटिंग अ‍ॅपही दुसरंच, आणि खाली ‘टेलिग्रामवर बोलू’. ती एकच वाक्य परत परत म्हणत होती, “ताई, मी तर लिहिलं होतं गं.”

काय लिहिलं होतं? तिच्या खऱ्या डेटिंग प्रोफाइलवर एक परिच्छेद होता, तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. ‘माझे फोटो, माझी माहिती वापरायची परवानगी कोणत्याही व्यक्तीला, कंपनीला किंवा सरकारी संस्थेला नाही, वापरल्यास कायदेशीर कारवाई होईल’, आणि शेवटी अमेरिकेतल्या यूसीसी १-३०८ चा नि रोम स्टॅच्यूटचा हवाला. बनावट प्रोफाइलवर तो परिच्छेदही जसाच्या तसा होता. चोराने ऐवजाबरोबर कुलूपही उचलून नेलं होतं.

म्हणून आज स्पष्ट लिहिते. त्या परिच्छेदाने काहीही होत नाही.

यूसीसी हा अमेरिकेतल्या राज्यांचा व्यापारी व्यवहारांचा कायदा. रोम स्टॅच्यूट हा १९९८ चा करार, त्यातून हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभं राहिलं. तिथे नरसंहाराचे, युद्धगुन्ह्यांचे खटले चालतात. भारताने त्या करारावर सहीसुद्धा केलेली नाही. असाच मजकूर २०१२ मध्ये फेसबुकवर फिरत होता, तेव्हा त्याला काही अर्थ नाही हे खुद्द फेसबुकनेच सांगितलं होतं. अ‍ॅपशी आपला करार होतो तो खातं उघडताना ‘मान्य आहे’वर बोट ठेवतो तेव्हा. त्यानंतर प्रोफाइलमध्ये काही लिहिणं म्हणजे कर्जाच्या कागदांवर सह्या करून घरी यायचं आणि दारावर ‘मी व्याज देणार नाही’ असा कागद चिकटवायचा.

फोटोंच्या हक्काचंही तसंच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा, आणि हक्क फोटो काढताक्षणी आपोआप तयार होतो, जाहीर करावा लागत नाही. तिचा सोमेश्वरच्या धबधब्यावरचा फोटो मी काढला होता. म्हणजे ज्या हक्काची ती धमकी देत होती, तो तिचा नव्हताच, माझा होता.

आणि ज्याला माहिती उचलायचीच आहे, तो वाचत बसत नाही. २०१६ मध्ये डेन्मार्कमधल्या एका विद्यार्थ्याने सहकाऱ्यांबरोबर ओकेक्युपिड या डेटिंग साइटवरच्या सुमारे ७० हजार जणांची माहिती इंटरनेटवर टाकली. टोपणनावं, वय, अगदी खासगी प्रश्नांची उत्तरंसुद्धा. ही माहिती प्रोग्रॅमने गोळा केली होती. प्रोग्रॅमला विनंती समजत नाही.

“पण लिहिलं तर बिघडलं काय?” असं मला बऱ्याच जणींनी विचारलं. बिघडतं. माझ्या बहिणीच्या सात फोटोंपैकी एकात गंगापूर रोडच्या सोसायटीचं नाव मागे वाचता येत होतं, दुसऱ्यात गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मी विचारलं, हे कशाला टाकलंस? म्हणाली, “खाली लिहिलंय ना.” त्या चार ओळींच्या भरवशावर तिने एरवी घेतली असती ती काळजी घेतली नाही. मला राग आहे तो याचा. ते लिहिणाऱ्या मुलींवर माझा अजिबात राग नाही. नाशिक कितीही वाढलं तरी कुणाचे मामा सिडकोत असतात, कुणाची आत्या पंचवटीत. एक स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत घरी पोचतो. त्या परिच्छेदामागची भीती खरी आहे, म्हणूनच तिला खोटा आधार नको.

आम्हाला उपयोगी पडलं ते वेगळंच. बनावट प्रोफाइलची लिंक आणि तारखेसह स्क्रीनशॉट आधी जपून ठेवले. मग अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. कुणी तुमचं सोंग घेतलं असेल तर ते हटवायला २०२१ च्या आयटी नियमांनी २४ तासांची मुदत घातली होती, तिचा उल्लेख केला. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार टाकली. ऑनलाइन तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला आयटी कायद्याच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रोफाइल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलं.

त्या रविवारी ती माझ्याकडे आली. फेसबुकवर असलेले फोटो आम्ही डेटिंग प्रोफाइलवरून काढले, कारण तोच फोटो दोन्हीकडे असला की फोटोवरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्ससारख्या साधनाने माणूस सापडू शकतो. सोसायटी गेली, ओळखपत्र गेलं. फोनमधले ओळखीचे नंबर अ‍ॅपमध्ये ब्लॉक केले. शेवटी तो परिच्छेद उरला. त्यावर बोट ठेवून ती थांबली. “काढला तर उघड्यावर पडल्यासारखं वाटतंय गं.” मी तिच्या शेजारीच बसून राहिले. थोड्या वेळाने तिने तो स्वतःच पुसला.