‘भाडं वाहकाच्या मनावर’? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार नवसातारकर,

‘एस.टी.त पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी’ या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि तिखटही, त्यामुळे उत्तरही ऐसपैस देतो.

बाकीच्या वाचकांसाठी तिचा गोषवारा असा. तुम्ही मुंबईत लोकल आणि बेस्टवर वाढलेले, नोकरीमुळे नुकतेच साताऱ्यात आलेले. सहकुटुंब एस.टी.नं महाबळेश्वरला गेलात, पुढे पुन्हा गेलात, तर तिकीट वेगळं. बायकोला निम्मं तिकीट म्हणतात, पण तुमच्या तिकिटाला दोननं भागलं तर तो आकडा येत नाही. कोरेगावच्या रोजच्या फेरीत एक थांबा अलीकडे उतरलं तरी पैसे तेवढेच, आणि एक थांबा पुढे गेलं की एकदम दहा रुपयांची उडी. यावरून तुमचा निष्कर्ष: “भाडं वाहकाच्या मनावर असतं, आणि तुम्ही लाल परीचे गोडवे गाताय. नव्या माणसाला सरळ सांगा की स्वतःची गाडी घे.”

गोडवे गायले, कबूल. ज्याचं शाळाकॉलेज गावच्या मुक्कामी गाडीच्या भरवशावर झालं त्याच्याकडून दुसरी अपेक्षा ठेवू नका. पण वाहकावरचा आरोप मला मान्य नाही. त्याच्या हातातल्या मशीनमध्ये मार्ग, टप्पे आणि दर आगारातूनच भरून येतात. तो फक्त कुठून कुठे, पूर्ण किती, अर्धी किती एवढंच दाबतो. रक्कम मशीन काढतं.

मग महाबळेश्वरचं तिकीट बदललं कसं? साताऱ्याहून महाबळेश्वरला दोन वाटा आहेत. एक मेढा, केळघर करत घाटातून वर जाते. दुसरी वाई, पसरणीचा घाट, पाचगणी अशी फिरून येते. मेढ्याची वाट दहाएक किलोमीटरनं जवळची, म्हणून तिचं भाडं कमी. पावसाळ्यात केळघर घाटात दरड आली की गाड्या वाईकडून वळवतात, तो भाग वेगळा. तुम्ही दोन्ही खेपांना पाटीवर ‘महाबळेश्वर’ वाचलंत आणि चढलात. गावाच्या नावाखाली बारीक अक्षरात ‘मार्गे’ असं लिहिलेलं असतं, ते वाचायचं राहिलं. एस.टी.त गावाच्या नावाइतकंच या ‘मार्गे’ला महत्त्व आहे. पुढच्या वेळी चढताना “मेढामार्गे का वाईमार्गे?” एवढं विचारा, गाडीतली निम्मी माणसं एका सुरात उत्तर देतील.

आता कोरेगाव. तुमच्या तक्रारीचं मूळ इथंच आहे आणि माझ्या लेखात याला दोनच ओळी होत्या, म्हणून जरा थांबून सांगतो. एस.टी.चं भाडं किलोमीटरवर नसतं, टप्प्यावर असतं. एक टप्पा सहा किलोमीटरचा. अर्धवट टप्पा पूर्ण धरला जातो. सहा किलोमीटर गेलात तर एक टप्पा, सात गेलात तर दोन. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, त्यानंतर साध्या गाडीला एका टप्प्याचे दहाच्या आसपास रुपये पडतात. तुमची ती ‘एकदम दहाची उडी’ म्हणजे हीच.

एका टप्प्यात दोन-तीन वाड्यांचे थांबे असू शकतात. टप्पा सुरू होतो तिथं चढलेली आजी आणि तिथून तीन किलोमीटर पुढे, वडाच्या झाडाखाली हात दाखवून चढलेले तुम्ही, दोघांचं तिकीट सारखंच, कारण मशीनच्या लेखी तुम्ही दोघंही त्याच टप्प्यावर चढलात. अलीकडे उतरलात तरी टप्पा तोच, म्हणून पैसे तेच. आणि टप्पा ओलांडून अर्धा किलोमीटर गेलात तरी पुढचा टप्पा लागला. वाहक “पुढं टप्पा बदलतोय, काय करू?” असं विचारतो तेव्हा तो तुमचे दहा रुपये वाचवायची संधी देत असतो. जुने प्रवासी लगेच म्हणतात, “अलीकडंच द्या, चालत जाईन.” तुम्ही बहुधा “काय ते द्या” म्हणालात.

आणि हे तुम्हाला नवं वाटावं याचं मला नवल वाटलं. तुमच्या बेस्टमध्येही हाच हिशेब आहे, फक्त ठोकळा पाच किलोमीटरचा. मे २०२५ पासून तिथं साध्या बसला पहिल्या पाच किलोमीटरला दहा रुपये आणि वातानुकूलित बसला बारा रुपये आहेत. तिथं तुम्ही कधी हिशेब केला नाहीत, कारण मुंबईत दहा-वीस रुपयांवर कुणी विचार करत नाही आणि रोजचा थांबा ठरलेला असतो. परक्या गावात आलं की माणूस एकेक रुपया मोजतो. हे चुकीचं आहे असं नाही. पण मोजायला सुरुवात झाली म्हणजे समोरचा फसवतोय असं होत नाही.

निम्म्या तिकिटाचं कोडं छोटं आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.च्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत पन्नास टक्के सवलत आहे. ती मूळ भाड्यावर असते. अपघात सहायता निधीची छोटी रक्कम आणि वातानुकूलित गाडी असेल तर वस्तू व सेवा कर, हे वर जोडलं जातं. म्हणून नेमकं दोननं भागून आकडा जुळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धं तिकीट. तुमचे आईवडील दिवाळीनंतर येणार असं लिहिलंय, म्हणून सांगून ठेवतो: पासष्ट ते पंचाहत्तर वयाला निम्मं आणि पंचाहत्तरच्या पुढे तिकीट मोफत, पण वयाचा पुरावा जवळ हवा. ‘दिसतोय की म्हातारा’ हा पुरावा चालत नाही, आमच्या मामांनी बराच वाद घालून पाहिलाय. महिलांची आणि ज्येष्ठांची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. बेळगावच्या गाडीत बसलात तर हद्दीपुढचं भाडं पूर्ण लागतं.

सुट्ट्या पैशांबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यावर मी वाद घालणार नाही. भाडेवाढीनंतर तिकिटाचे आकडे असे काही अडनिडे झाले की पाचशेची नोट पुढे करणारा प्रवासी आणि सकाळी सकाळी रिकामी बॅग घेऊन निघालेला वाहक, दोघंही वैतागतात. यूपीआय चालतं, मशीनवर किंवा गळ्यातल्या कार्डावर कोड असतो. घाटात रेंज गेली की तेही बंद पडतं. मी आजही शर्टाच्या खिशात दहाच्या पाच-सहा नोटा वेगळ्या ठेवतो. जुनाट सवय म्हणा हवं तर.

गाडीच्या प्रकाराबद्दल एवढंच की साधी आणि जलद यांचा दर एकच. निमआराम, शिवशाही आणि शिवनेरी यांचे दर चढत जातात. वेळ वाचतो म्हणून जलद महाग असेल असं समजून तुम्ही दोन जलद गाड्या सोडल्यात, ते वाचून हळहळ वाटली. जलद गाडी लहान थांब्यांवर मात्र थांबत नाही, तेवढं आधी विचारून घ्या. आणि सातारा-स्वारगेट विनाथांबा गाडीचा प्रकार वेगळा. तिच्यात वाहकच नसतो. स्थानकातल्या खिडकीवर तिकीट काढायचं, मग रांगेत उभं राहायचं. नवा माणूस आधी रांगेत उभा राहतो, दारापर्यंत पोचतो आणि मग त्याला कळतं. रांग परत पहिल्यापासून. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांची डाळ इथं शिजत नाही, ही त्यातली जमेची बाजू.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मात्र मला पुरतं पटलं: “दर वेळी कुणाला तरी विचारावं लागतं, ही व्यवस्था नव्हे.” हिशेब चोख आहे, पण तो मशीनच्या पोटात आहे. थांब्यावर टप्प्यांचा तक्ता लावला, कुठून कुठवर किती पैसे हे लिहिलं, तर नव्या माणसाचा निम्मा संशय तिथंच फिटेल. चौकशीच्या खिडकीवरचा माणूस एकाच वेळी फोन, माईक आणि वीस प्रवासी सांभाळत असतो, त्याच्या तुटक उत्तरांवर सगळं सोपवणं बरोबर नाही. आरक्षणाच्या ॲपवर लांब पल्ल्याच्या गाड्या दिसतात, तुमची कोरेगावची किंवा कुठल्याशा वाडीची गाडी त्यात शोधून सापडणार नाही. हा मुद्दा प्रतिक्रियेत अडकवून ठेवू नका. आगार व्यवस्थापकांच्या नावे अर्ज करा, स्थानकात वाहतूक नियंत्रकाकडे तक्रारपुस्तक असतं त्यातही लिहा. वाहकाशी भांडून टप्पे बदलत नाहीत, तक्ता लावायचा अधिकारही त्याच्या हातात नाही.

‘स्वतःची गाडी घे’ या सल्ल्यावर मात्र हिशेब मांडूनच बोलू. तुम्ही कोरेगावला रोज जाता आणि रोज तिकीट काढता, असं दिसतंय. मग मासिक पास का काढत नाही? वीस दिवसांचं भाडं भरायचं आणि तीस दिवस जायचं-यायचं. त्रैमासिक घेतलात तर पन्नास दिवसांच्या भाड्यात नव्वद दिवस. रविवार-सुट्ट्या वजा करूनही फायदा राहतो, आणि रोजची सुट्ट्या पैशांची कटकट संपते. फोटो आणि ओळखपत्र घेऊन स्थानकातल्या पासच्या खिडकीवर जा. महिन्याच्या सुरुवातीला तिथं विद्यार्थ्यांची झुंबड असते, त्यामुळे दहा तारखेनंतर गेलेलं बरं. पासवर ‘कुठून कुठवर’ लिहून घेताना तुमच्या ऑफिसजवळचा थांबा टप्प्याच्या अलीकडे पडतो की पलीकडे, ते आधी वाहकाला विचारून घ्या. त्या एका टप्प्याचे पैसे तीन महिने भरत बसाल नाहीतर.

आणि शेवटचा प्रश्न, तिकीट कुठवर जपायचं. उतरेपर्यंत. तपासणी पथक मध्येच चढतं, आणि त्या वेळी हातात तिकीट नसेल तर भाड्यासकट दंड. ऑफिसकडून प्रवासखर्च मिळत असेल तर घरी पोचल्यावर लगेच त्याचा फोटो काढून ठेवा. मशीनच्या कागदावरची शाई काही दिवसांत उडते.