वरातीचा घोडा आणि आमची घोडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका नमस्कार, उत्तराला उशीर झाला, पोरीला ताप होता. हिप्पोथेरपीवर, म्हणजे घोड्याच्या चालीचा वापर करून केलेल्या उपचारावर, मी जो लेख लिहिला त्याच्याखाली तुम्ही लिहिलंय, "घोड्यावर बसून पोरं चालायला लागली असती तर वरातीतले सगळे नवरदेव ऑलिंपिकला गेले असते, गरीब आईबापांना असल्या आशेला लावू नका." आधी राग आला, मग हसू आलं, कारण वरातीच्या घोड्याचा उद्योग मी खरंच करून बसलेय.

पोरगी चार वर्षांची होती, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर नीट ताबा नाही, मांड्या एकमेकींना चिकटलेल्या, उभी केली की पायांची कात्री. मी कुठलातरी व्हिडिओ बघितला आणि वरातीवाल्याला पैसे देऊन बसवलं की ओ तिला. पलीकडं हलगी वाजली, घोडा बिचकला, भावानं झेलली म्हणून वाचली. घोड्याची चूक नाही, वरातीवाल्याचीही नाही, अक्कल माझीच गहाण पडलेली. तेव्हा नुसतं घोड्यावर बसवून काही होत नाही, हे तुमचं एकदम मान्य.

आता जे चाललंय ते वेगळं आहे. हिप्पोथेरपीत घोडेस्वारी शिकवत नाहीत, घोड्याची चाल वापरतात. घोडा चालताना त्याची पाठ पुढं-मागं, डावी-उजवी हलते आणि थोडी वळते पण, आणि आपण चालताना आपली कंबर जशी हलते जवळजवळ तशीच वर बसलेल्याची हलते. जी पोर कधी चाललीच नाही तिच्या कंबरेला चालणं कळणार कुठून? घोडी मिनिटाला शंभरेक पावलं टाकते म्हणजे वीस मिनिटांत दोन हजार वेळा हिचा तोल जरासा जातो आणि ही सावरते, आणि घरी गादीवर तोल सावरायचा व्यायाम घेतला तर दहाव्या वेळेलाच भोकाड पसरते! खोगीर नसतं, नुसतं पॅड, घोडीचं अंग ३८ डिग्रीच्या आसपास गरम, त्यानं मांड्या सैल पडतात. उतरल्यावर चड्डी घालताना पाय सहज उघडतात, हे सुख काय असतं ते रोज घालणाऱ्या बाईला विचारा.

एक जण घोडी धरतो, दोन्ही बाजूंना एकेक माणूस, फिजिओ मॅडम समोर, डोक्याला हेल्मेट. आणि हे सगळ्या मुलांना चालत नाही. फिट कंट्रोलमध्ये नसेल, खुबा निखळलेला असेल तर नाही, डाउन सिंड्रोम असेल तर आधी मानेचे मणके तपासून घ्यायचे.

ऑलिंपिकचं म्हणालात म्हणून सांगते, डेन्मार्कच्या लिस हार्टेलला १९४४ मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय गेले, घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा, आणि १९५२ ला हेलसिंकीत बाईंनी घोडेस्वारीत सिल्व्हर मेडल घेतलं. नवरदेव नव्हत्या, पण गेल्या बघा.

आता तुमचं जे बरोबर आहे ते. याच्यावरचे अभ्यास बहुतेक छोटे, थोड्याच मुलांवर केलेले, बसण्याचा तोल सुधारतो इतपत ठीक, पुढं किती टिकतं ते अजून पक्कं नाही. माझ्या लेखाच्या नावात "चमत्कार" होता, तो तुमच्यामुळंच काढला. आणि फिजिओ आम्ही एक दिवस बंद केलेलं नाही, कुणी करू पण नका.

पैशाचं म्हणाल तर आम्हालाही आठवड्यातून एकदाच जमतं. बाकीचे दिवस मॅडमनी सांगितल्याप्रमाणं दोन सोलापुरी चादरी घट्ट गुंडाळून, दोरीनं बांधून त्याच्यावर पाय टाकून बसवते आणि मागून धरून हळूहळू झुलवते. घोडीची सर नाही त्याला, पण पोरगी त्या वळकटीलाही चारा घालते.