‘गोव्यात गरीब म्हणजे आळशी’ : त्या फिरत्या मजकुराला उत्तर

सध्या गोव्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: गोवा देशातलं सर्वांत श्रीमंत राज्य, इथे गरिबी उरलेलीच नाही. 1961 साली मुक्ती मिळाली तेव्हा सगळे एकाच रेषेवर उभे होते; कष्ट केले ते वर गेले, उरलेले सरकारी योजनांवर लोळतात. आणि काहीच जमत नसेल तर पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडन गाठावं. शेवटी जोडलेल्या हातांचे इमोजी.

असले मजकूर मी वाचून सोडून देतो. पण हा डिचोलीला माझ्या मामीकडे पोचला, तोही तिच्या सख्ख्या पुतण्याकडून. मामीला गृहआधारचे, म्हणजे गृहिणींसाठीच्या सरकारी योजनेचे, पैसे मिळतात. तिने मला फोन करून विचारलं, “म्हणजे आम्ही फुकट खाणारी, असंच ना रे?”

तर आधी ते श्रीमंत राज्य. दरडोई उत्पन्न म्हणजे राज्याच्या एकूण उत्पन्नाला डोक्यांनी भागून काढलेला आकडा. वेर्ण्याच्या औषध कंपन्या आणि कळंगुटची हॉटेलं त्यात धरलेली असतात, त्यांचा नफा मालक असेल तिथे जातो. वर्षाला पाच लाखांच्या घरातला हा आकडा खरा मानला तर मामीच्या चौघांच्या घरी वीस लाख यायला हवेत. गृहआधारसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा तीन लाख आहे, आणि त्या मर्यादेत बसून पैसे घेणाऱ्या बायका लाखाहून जास्त. मजकूर लिहिणाऱ्याने एवढं तरी ठरवावं, गोव्यात गरीब कुणी नाही की अर्धा गोवा योजनांवर जगतो? दोन्ही एकदम कसं चालेल?

एक आकडा मात्र त्याने बरोबर दिलाय, ते नाकारत नाही. नीती आयोगाच्या 2023 च्या अहवालात गोव्यातली बहुआयामी गरिबी 0.84 टक्के आहे, देशात सर्वांत कमी गरिबीच्या राज्यांत आपण आहोत. चांगलंच आहे. फक्त तो निर्देशांक काय विचारतो ते बघा: घरात वीज आहे का, शौचालय, गॅस, पाणी, बँक खातं, मुलं शाळेत जातात का. पगार किती आणि घराची जमीन कुणाच्या नावावर, हे तो विचारत नाही.

आता ती ‘एकच रेषा’. हे वाचून माझं डोकं फिरलं. 1961 साली गोव्यात भाटकार म्हणजे जमीनदार होता, त्याची शेती कसणारं कूळ होतं आणि मुंडकार होता. मुंडकाराचं घर भाटकाराच्या जमिनीवर. भाटकाराची मर्जी फिरली की चंबूगबाळं उचलायचं. त्याला घालवता येऊ नये म्हणून कायदा झाला 1975 साली. कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी देणारी दुरुस्ती आली 1976 साली, म्हणजे मुक्तीनंतर पंधरा वर्षांनी. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला 2003 उजाडलं. ही कसली एक रेषा? शर्यत सुरू झाली तेव्हा काहींच्या पायांतल्या बेड्यासुद्धा निघाल्या नव्हत्या.

‘आमच्या आजोबांनी शून्यातून उभं केलं’ हेही त्यात आहे. केलं असेल, कष्टांबद्दल वाद नाही. पण आजोबांची मुलं शिकली ती 1963 नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी मराठी शाळा काढल्या म्हणून, आणि शेत राहिलं ते कूळ कायद्यामुळे. ज्याला सरकारने हात दिला त्याचाच नातू आज म्हणतोय की सरकारने कुणाला हात देऊ नये.

आणि नुसत्या कष्टांनी माणूस वर जातो किती वेगाने? ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेने 2018 साली याचा अंदाज मांडला. तळाच्या घरात जन्मलेल्याच्या वंशजांना देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला डेन्मार्कमध्ये दोन पिढ्या लागतात, भारतात सात. सात पिढ्या बसून खातील एवढी इस्टेट, असं आपण म्हणतो. इथे सात पिढ्या राबल्यावर सरासरी गाठायची. मुक्तीला अजून तीन पिढ्या व्हायच्यात. मामीचं घर अजून मुंडकारीचंच आहे. मुलाला धंद्यासाठी कर्ज हवं होतं तर बँकेने सगळ्यांत आधी मागितले जमिनीचे कागद. ते असते तर कर्ज कशाला लागलं असतं, असं मामी म्हणते.

पासपोर्टाबद्दल फार लिहीत नाही. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालकडे नोंद करता येते, खरं आहे. पण ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला. त्या पासपोर्टावर तिथे जाऊन राहायची आणि काम करायची मुभा नव्याने जाणाऱ्यांसाठी 2020 च्या अखेरीस संपली. मजकूर निदान तारीख बघून पुढे ढकलावा.

राहिल्या योजना. निवडणूक जवळ आली की त्यांची यादी फुगते आणि माडी-गाडीवाल्यांच्या घरीही गृहआधार पोचतो, हे मान्य. त्यांना शोधून काढा, कोण अडवतंय? पण गृहआधार म्हणजे महिना दीड हजार, दिवसाचे पन्नास रुपये. पावसात मासेमारी बंद असते तेव्हा तेवढ्यात धड दोन बांगडे मिळत नाहीत. एवढ्यावर लोळायचं कसं, ते मामीच्या पुतण्याने तिला शिकवावं. ती आजही दोन घरची धुणीभांडी करते.

पुतण्याला मी फोनवर एकच काम सांगितलंय. आजोबांच्या शेताचा एक-चौदा, म्हणजे जमिनीचा उतारा, काढ, आणि कुळाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते मामीला वाचून दाखव.