आधी तपासा, मग फीत कापा

आज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. सरकारी रुग्णालयांच्या बांधकामावर चौकशा लावणारे विकासाच्या आड येतात, आधी इमारत तर उभी राहू द्या, हिशेब नंतर बघू, असा एकूण सूर. खाली धडाधड अंगठे. त्यातले निम्मे अंगठे अशा लोकांचे, ज्यांना साधा ताप आला तरी खाजगी हॉस्पिटल परवडतं. तेव्हापासून डोकं ठणकतंय. त्या ग्रुपवर वाद घालायचा नाही असं घरात ठरलंय, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या आत्याचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तिला सरकारी रुग्णालयात नेलं होतं. नवी कोरी इमारत. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या सिस्टर आणि डॉक्टरांनी तिच्यासाठी जीव तोडून केलं, त्यांना माझ्या पोस्टचा त्रास नको. ऑपरेशन थिएटर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बसवलेली, दारावरचं निळं प्लास्टिकसुद्धा अजून तसंच, आणि त्यावर चिकटपट्टीने लावलेला कागद : 'लिफ्ट बंद आहे'. रॅम्प होता, पण त्यावर गुळगुळीत फरशी. वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, चपला काढून अनवाणी स्ट्रेचर ओढत होते, कारण चपला घसरत होत्या. वळणावर स्ट्रेचर अडकायचं. मागे घ्या, उचला, फिरवा, आणि दर धक्क्याला आत्याचं किंचाळणं. मी मामांना विचारलं, लिफ्ट बिघडलीय का? ते म्हणाले, "बिघडायला चालू कधी झाली, ताई? परवाना यायचाय."

उद्घाटन झालं होतं. पाटी लागली होती. विद्युत निरीक्षकांचा परवाना तेवढा राहिला होता.

मला सांगा, ही इमारत तयार आहे असं कोणी लिहून दिलं? कोणीतरी सही केली असणार ना? रॅम्पवर कुठली फरशी घालायची हे कुठल्यातरी अंदाजपत्रकात लिहिलं असणार, मोजमाप पुस्तकात त्याची नोंद झाली असणार, बिल निघालं असणार. त्या प्रत्येक टप्प्यावर एक माणूस होता आणि त्याचं काम तपासण्याचंच होतं. त्यातल्या एकाने जरी रिकामं स्ट्रेचर त्या वळणावरून फिरवून पाहिलं असतं, तर?

आपल्याकडे बांधतं सार्वजनिक बांधकाम खातं आणि वापरतं आरोग्य खातं. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मग मुदतवाढ, मग सुप्रमा (सुधारित प्रशासकीय मान्यता), पुन्हा मुदतवाढ. पदनिर्मितीची फाईल वेगळी फिरते, यंत्रसामग्रीची खरेदी वेगळी, ऑक्सिजन लाईनचं टेंडर वेगळं. प्रत्येक जण म्हणतो, माझ्याकडचं काम झालंय. आणि म्हणून गावोगाव इमारत आहे पण परिचारिका नाही, खाट आहे पण वायरिंगचा भरवसा नाही. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय हे, मी पुरावे काय द्यायचे?

हिशेब नंतर बघू म्हणणाऱ्यांनी 'नंतर' म्हणजे किती नंतर तेही बघावं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य सुविधांवरचा कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल 2016-17 ते 2021-22 या काळाचा. तो विधिमंडळात आला डिसेंबर 2024 मध्ये. डॉक्टर, परिचारिका, यंत्रं, इमारती, सगळ्यांची कमतरता त्यात मांडली आहे. पण 2017 मध्ये घातलेल्या फरशीबद्दल 2024 मध्ये ताशेरा आला तर त्याचं करायचं काय? तोवर ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी (ज्यात बांधकामातले दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात) संपलेला, अनामत परत गेलेली, अभियंत्याची बदली झालेली. पुढे तो अहवाल लोकलेखा समितीकडे जाणार, मग साक्षी, मग शिफारशी. तोपर्यंत किती जणांच्या आत्या त्या रॅम्पवरून ओढत नेल्या जाणार?

आणि उशीर फक्त पैशांत मोजला जात नाही. 9 जानेवारी 2021, भंडारा जिल्हा रुग्णालय. नवजात बालकांच्या कक्षात आग लागून 10 बाळं गेली. त्यानंतर राज्यभरच्या रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासणी करायचे आदेश निघाले. 6 नोव्हेंबर 2021, अहमदनगरचं (आताचं अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालय. अतिदक्षता विभागात आग, 11 रुग्ण गेले. दहा महिनेसुद्धा झाले नव्हते. आणि अटक कोणाला झाली? एका डॉक्टर बाईंना आणि तीन परिचारिकांना. हे लिहिताना आत्ताही हात थरथरतोय. ज्या बाईने त्या भिंतीतली एक वायर ओढलेली नाही, जिला ती इमारत जशी मिळाली तशी मिळाली, ती पहिली आत.

आत्याच्या वॉर्डातली सिस्टर आठवते मला. एकटी, रात्रपाळी, दोन्ही बाजूंच्या खाटा भरलेल्या आणि मधल्या वाटेत जमिनीवर गाद्या. तरी पहाटे येऊन आत्याच्या पायाखालची उशी नीट करून गेली. म्हणाली, "आजी, आज उतरताना मी येते सोबत, घाबरू नका." आली ती. पूर्ण रॅम्पभर स्ट्रेचरची कड धरून उतरली. उद्या तिथे काही झालं तर कागदावर नाव तिचंच येणार, हे मला सहन होत नाही.

हो, चौकशीच्या नावाखाली राजकारण होतं, सरकार बदललं की आधीच्यांच्या कामांना स्थगिती मिळते आणि प्रामाणिक अभियंतासुद्धा सही करायला घाबरतो, हे मान्य. स्टीलचे भाव वाढले की खर्च वाढतो, तेही ठीक. पण म्हणून विचारायचंच नाही?

मला काम थांबवणारी चौकशी नकोच आहे. काम चालू असताना, स्लॅब पडायच्या आधी, फरशी चिकटवायच्या आधी कोणीतरी जाऊन बघावं. बघणाऱ्यांत त्या रुग्णालयातली एक सिस्टर आणि एक वॉर्डबॉय असावेत. रॅम्पच्या वळणावर स्ट्रेचर वळतं का, हे त्या मामांनी दोन मिनिटांत सांगितलं असतं. लिफ्टचा परवाना, अग्निशमनचा दाखला आणि मंजूर पदांची यादी दारावर लागल्याशिवाय फीत कापू नये. हे मागणं मला तरी अवाजवी वाटत नाही.

तुमच्या तालुक्यात नवं सरकारी रुग्णालय बांधून झालं असेल किंवा होत असेल, तर माहिती अधिकारात अर्ज टाका. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. मागायचं एवढंच : मूळ प्रशासकीय मान्यता आणि नंतरच्या सगळ्या सुप्रमा, लिफ्टचा परवाना, दोष दायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख आणि 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी-जुलैत द्यायच्या दाखल्याची प्रत. तो कालावधी संपायच्या आत उत्तर मिळालं तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने करून घेता येते. मी अर्जाचा मसुदा तयार करून ठेवलाय, हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये तालुक्याचं नाव लिहा, पाठवते.